न चाखलेलं लोणचं

कुमुदकाकू लेले लोणचं चाखून थुंकत असत, आणि ते मला बघावं लागे. कैरीची फोड तोंडात घालायच्या, डोळे मिटून दाढेखाली फिरवायच्या, एका गालातून दुसऱ्या गालात न्यायच्या, आणि मग झाकणाची एक स्टीलची वाटी हनुवटीशी धरून सगळा ऐवज तिच्यात सोडायच्या. लाल तेलाची एक तार ओठापासून वाटीपर्यंत लोंबत राही. ती तार काकू बोटाने तोडत. मग मोरीशी जाऊन खळखळून चूळ भरत, वाटीवर झाकण ठेवत आणि काहीच घडलं नाही अशा चेहऱ्याने परातीतल्या फोडी पुन्हा कालवायला बसत.

मला किळस लवकर येते. दुसऱ्याच्या पेल्यातलं पाणी मला चालत नाही, पंगतीत शेजारी कोणी भुरके मारायला लागलं की माझं जेवण तिथेच संपतं, आणि बोटं चाटणारी माणसं मी शक्यतो टाळते. त्यामुळे पहिल्यांदा हा प्रकार पाहिला तेव्हा मी सरळ उठून दाराकडे निघाले. काकूंनी मान वर केली नाही. "बघवत नसेल तर भिंतीकडे बघ," त्या म्हणाल्या. "चाखणं हा माझा धंदा आहे. डॉक्टरांनी गिळणं बंद केलंय, धंदा नाही."

नारायण पेठेत आमच्या इमारतीत त्या तिसऱ्या मजल्यावर राहत, मी दुसऱ्या. यजमान गेल्यावर त्यांनी लोणची घालायला सुरुवात केली आणि त्यावर मुलाला इंजिनियर केलं. पाटी नाही, चिठ्ठी नाही, बाटलीवर नाव नाही. माणसं आपापल्या बरण्या घेऊन जिने चढून यायची आणि काकू त्यांना दारातच उभं करून विचारायच्या, "बरणी कोरडी आहे का? उन्हात ठेवली होती का? की नुसती फडक्याने पुसून आणलीत?" पुसून आणलेली बरणी परत जायची. इतका अपमान सोसूनही माणसं येत, कारण काकूंचं लोणचं पुढच्या वर्षीच्या कैऱ्या येईपर्यंत जसंच्या तसं राहत असे. "माझ्या लोणच्याला बुरशी येत नाही," एवढी एकच गोष्ट त्या स्वतःबद्दल अभिमानाने सांगत. बाकी स्वतःबद्दल त्यांचं मत फारसं चांगलं नव्हतं.

मग रक्तदाबाने त्यांची मूत्रपिंडं गेली आणि दिवसाआड डायलिसिस सुरू झालं. मुलगा अभिजित बाणेरला राहतो, हिंजवडीला नोकरी करतो. त्याने मला फोन केला. "नीलामावशी, तुम्ही रिटायर झाला आहात ना, मग प्लीज आईबरोबर फक्त जाऊन बसाल का? मला तिकडून येणं इम्पॉसिबल आहे." फक्त जाऊन बसायचं, म्हणजे अर्धा दिवस. मी हो म्हटलं, कारण काकूंना रिक्षात एकटं चढवणं मला बघवलं नसतं. त्यांच्या दंडातली ती फुगलेली, हात लावला की थरथरणारी शीर मात्र मला शेवटपर्यंत बघवली नाही.

लक्ष्मी रस्त्यापलीकडे एका धर्मादाय दवाखान्याच्या पहिल्या मजल्यावर डायलिसिसचं केंद्र होतं आणि त्याच्या बरोबर खाली फरसाणाचं दुकान. ही जागा ज्याने कोणी निवडली असेल त्याला मला एकदा भेटायचं आहे. जिन्यात सदानकदा तळणीचा वास भरलेला. नातेवाईक खालून शेव, वेफर्स, सामोसे आणून रोग्यांच्या देखत खात बसत आणि तेलकट बोटांनी मोबाइल पुसत. काही रोगीही त्यातले. पायाला बोट लावलं की खळगा पडावा इतके सुजलेले एक गृहस्थ काकूंच्या शेजारच्या खाटेवर असत. ते चादरीखाली पाकीट लपवून वेफर्स खायचे. खाऊन झाल्यावर पाकिटाच्या तळाचं मीठ ओल्या बोटाने टिपायचे. मला ओकारी यायची बाकी राही. काकू डोळे मिटूनच म्हणायच्या, "अहो, आवाज न होणारं काहीतरी खात जा. आम्हाला मोह होत नाही, पण झोप मोडते."

मशीन लावण्याआधी सगळ्यांचं वजन होई. ते काम सविताचं. सविता लोणी काळभोरहून येई आणि वजनकाट्यापाशी कोणाचीही भीड ठेवत नसे. "ह्ये वाढल्यालं सगळं पानी हाय," ती त्या वेफर्सवाल्यांना सांगायची, "आन् मीठ खाल्ल्यावर तहान लागनारच की. आता मशीननं ओढून काढायचं म्हटलं की तुमचं बीपी पडतंय, पायाला गोळे येत्यात, आन् शिव्या मला." काकूंचं वजन नेहमी जेमतेम वाढलेलं असे. त्यांच्याकडे ती काही न बोलता मान हलवायची. तिच्याकडून हीच मोठी शाबासकी होती. तिने एकदा थुंकण्याबद्दल मात्र काकूंना बजावलं होतं, की थुंकलं तरी थोडं पोटात जातंच. काकू म्हणाल्या, "थोडं जाऊ दे. हवा तरी कुठे पूर्ण शुद्ध मिळते?"

पथ्याचा अर्थ त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात समजावून सांगितला होता. "मीठ पाण्याला बोलावून आणतं. पूर्वी पाणी यायचं, बसायचं, निघून जायचं. आता जायचा रस्ताच बंद. म्हणून ते आधी पायात मुक्काम करतं, मग पोटात, मग छातीत. छातीत आलं की आपण जायचं." एवढं बोलून त्यांनी स्वयंपाकघरातला मिठाचा डबा लोणच्याच्या कपाटात नेऊन ठेवला. म्हणजे मीठ घरात राहिलं, पण स्वयंपाकातून गेलं.

पहिले काही महिने त्या अळणी अन्नाने काकूंचा छळ मांडला. बिनमिठाचं वरण, बिनमिठाची भाकरी, पाण्यात उकळून पाणी फेकून दिलेल्या भाज्या. त्या घास तोंडात घालत आणि चेहरा असा करत की समोर बसणाऱ्याची भूक मरावी. "ओला पुठ्ठा खाल्ला आहेस कधी?" त्या मला विचारत. "नाही? ये जेवायला."

त्यात हितचिंतक. कोणी सांगे, सैंधव चालतं, उपासाला चालतं म्हणजे ते मीठच नव्हे. काकू विचारत, "उपासाला बटाटा चालतो म्हणून तो काय भाजी नव्हे का?" अभिजितने तर एकदा ॲपवरून 'कमी सोडियम'वालं मीठ पाठवलं, चार खोकी. सोबत संदेश, 'आई, आता एन्जॉय कर.' मी ते खोकं सविताला दाखवलं. तिने मागची बारीक अक्षरं वाचली आणि खोकं माझ्या हातात आदळलं. "ह्यात पोटॅशियम भरल्यालं हाय. ह्ये खाल्लं तर हृदय जाग्यावर थांबंल. कुनी दिलं ह्ये?" मी सांगितलं, मुलाने. मला त्या दिवशी अभिजितचा इतका तिटकारा आला की मी दोन दिवस त्याचा फोन घेतला नाही. काकूंनी ती चारही खोकी शांतपणे मोरीत रिकामी केली. "काळजीपोटी तो काहीही पाठवतो," त्या म्हणाल्या, "फक्त स्वतः येत नाही."

आणि मग एके दिवशी काहीतरी बदललं. मी गवारीची भाजी केली होती, नेहमीसारखी, माझ्या मिठाची. काकूंनी काडीएवढा तुकडा जिभेवर ठेवला आणि लगेच वाटीत थुंकला. "खारट आहे," त्या म्हणाल्या. मी चाखून बघितली, भाजी नेहमीसारखीच होती. "नाही, खारट आहे. तुला कळत नाही, तुझी जीभ मिठाने मेलेली आहे." त्यानंतर त्यांचं चालूच झालं. पोळीत मीठ असतं, हे त्यांना कळायला लागलं. पावात असतं, बिस्किटात असतं, एवढंच काय, मुंबईहून आलेल्या पेढ्यातसुद्धा असतं असं त्या शपथेवर सांगत. बिनमिठाच्या दुधीकडे पाहत एकदा म्हणाल्या, "दुधीला स्वतःची चव असते. गोडसर, जरा हिरवी. अडुसष्ट वर्षं मी ती मिठाखाली गाडत आले." अळणी अन्नाची त्यांना सवय नव्हती झाली, त्यांना ते आवडायला लागलं होतं. सविताने हे ऐकलं आणि म्हणाली, असं होतं, ज्यांनी पथ्य खरंच पाळलं त्यांचं होतं. मला बरं वाटलं. आम्हा तिघींतल्या एकीच्याही डोक्यात लोणच्याचा विचार आला नाही.

कैऱ्या आल्या. काकूंनी दरवर्षीप्रमाणे फोडी करून घेतल्या, मोहरी फेसली, आणि मीठ घालायला बसल्या. त्यांची पद्धत ठरलेली होती. आधी हाताच्या अंदाजाने मीठ एका ताटलीत काढून ठेवायचं, मग ते थोडंथोडं फोडींत कालवायचं आणि शेवटी जिभेने ठरवायचं. त्या चाखत होत्या, थुंकत होत्या, मी भिंतीकडे बघत होते. "झालं," त्या म्हणाल्या. "यंदा मीठ उरलं बघ." ताटलीत चांगलं ओंजळभर मीठ शिल्लक होतं. त्यांनी ते परत डब्यात ओतलं आणि कैऱ्याच यंदा चांगल्या निघाल्या असतील असं काहीतरी बोलल्या.

आषाढात पहिली बरणी परत आली. सदाशिव पेठेतल्या गोरेबाई, वर्षानुवर्षांचं गिऱ्हाईक, जिना चढून आल्या आणि चपला न काढता दारातच बरणी खाली ठेवून म्हणाल्या, "मी लोणचं मागितलं होतं. हा कापूस निघाला." एवढंच बोलून त्या वळल्या. काकूंनी झाकण उघडलं. वर पांढरी, केसाळ साय आलेली होती, मधे हिरवट ठिपके. तिच्याखाली फोडी मऊ पडून गळाल्या होत्या, आणि तेलातून एकेक बुडबुडा वर येऊन फुटत होता. वास ओल्या पोत्यासारखा, आंबूस, आणि त्यावर मोहरीचा झणका. मी नाकाला पदर लावून मागे सरले. काकू सरल्या नाहीत. त्यांनी कपाटातल्या उरलेल्या बरण्या एकेक करून ओट्यावर आणल्या आणि उघडल्या. प्रत्येकीत तेच. आमच्या दोन्ही घरांत तो वास पुढे कितीतरी दिवस रेंगाळत होता, आणि मी पोळीबरोबर गूळ खात होते, कारण लोणच्याचं नाव काढवत नव्हतं.

त्या आठवड्यात जिन्यावर बरण्यांची रांग लागली. पुण्यातल्या माणसांना वाईट बातमी गोड करून सांगण्याची सवय नाही. एकजण म्हणाले, "वय झालं की थांबावं." दुसऱ्या बाई म्हणाल्या, "आजारी माणसाच्या हातचं घ्यायला नको होतं, चूक आमचीच." हे त्या काकूंच्या तोंडावर म्हणाल्या. मला त्या बाईंच्या अंगावर ती बरणी पालथी करावीशी वाटली. काकू मात्र प्रत्येकाकडून बरणी घेत होत्या, घासून, वाळवून परत देत होत्या. शेवटचं माणूस गेल्यावर त्या ओट्याला टेकून म्हणाल्या, "हात नाही चुकला. जीभ चुकली. तिला जेवढं पुरलं तेवढ्यावर मी थांबले. ताटलीत उरलेलं ते मीठ बुरशीला अडवणार होतं."

इथपर्यंत मला त्यांची दया येत होती. पुढे त्यांनी जे केलं त्याचा मला आजही संताप येतो.

श्रावणात त्यांची पावलं सुजायला लागली. वजनकाट्यावर सविताची मान हलेनाशी झाली. "काकू, काय चाललंय?" ती विचारायची आणि काकू उन्हाळ्याला दोष द्यायच्या, श्रावणात. रिक्षातून उतरल्यावर पहिल्या मजल्यापर्यंत जायला त्यांना मधे बसावं लागे. पाणी मोजून प्यायचं असतं तिथे त्या माझ्या घरी येऊन सरबत मागू लागल्या. मग एका दुपारी वरून काहीतरी पडल्याचा आवाज आला. मी माझ्याकडच्या किल्लीने दार उघडलं तर काकू पलंगाच्या कडेला दोन्ही हात रोवून बसलेल्या, आडवं होता येत नव्हतं, ओठ काळेनिळे, आणि श्वासाबरोबर छातीतून पाणी उकळल्यासारखा आवाज. ओठांच्या कोपऱ्यात फेस होता, फिकट गुलाबी. तो मी माझ्या हाताने पुसला. किळस वाटायला वेळ नव्हता.

शेजारी स्टुलावर ताट होतं. ताटात आमटी-भात, पापड, आणि डाव्या बाजूला, जिथे मीठ वाढतात तिथे, मिठाचा ढीग. बोटाने उकरलेला.

अतिदक्षता विभागात त्यांच्या अंगातलं पाणी ओढून काढलं. बोलता यायला लागल्यावर मी त्यांना विचारलं, आणि मी आवाज खाली ठेवला नाही. नर्सने दोनदा वळून बघितलं. काकू छताकडे बघत म्हणाल्या, "जीभ परत लावत होते. हिवाळ्यात लिंबं येतील. त्याच्या आत जीभ पूर्वीसारखी व्हायला हवी होती."

"आणि जीव गेला असता तर?"

"तो जायचाच आहे," त्या म्हणाल्या. "पण माझ्या नावाला बुरशी आली आहे, नीला. ती तशीच ठेवून मी जाणार नाही. एकदा, एकच घाणा नीट करायचा आहे. आता जीभ लावायची तर जीव जातो आणि जीव ठेवायचा तर जीभ जाते. तूच सांग मी काय करू?"

मी सांगितलं की लोणचं गेलं खड्ड्यात. तराजू घ्या, मोजून मीठ घाला, जगातली सगळी लोणची तशीच होतात. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की नाकात नळ्या असूनही मला त्यांची भीती वाटली. "एक लिंबू पातळ सालीचं, एक जाड. एक रसाचं, एक वाळकं. तुझ्या तराजूला ते कळतं का?"

घरी आल्यावर त्या पुन्हा पथ्यावर आल्या. सविताने त्यांना सगळ्यांदेखत झापलं होतं आणि त्यांनी ते मुकाट ऐकून घेतलं होतं. मग त्यांनी मला चाखायला लावायचं ठरवलं. मी माझ्या घरी त्यांच्यासोबत अळणी जेवायचं म्हटलं तर ओरडल्या, "तू अजिबात अळणी खायचं नाहीस. तुझी जीभ मला लागणार आहे." थोडी लिंबं आणून त्यांनी नमुना केला आणि चमचा न घेता माझ्या तळहातावर रस ओतला. चमच्याची चव लागते म्हणे. तळहात चाटायचा, म्हातारीच्या समोर, गाईसारखा. मी साबणाने हात धुवून आले तरी मला ते किळसवाणंच वाटलं.

"मीठ?" त्यांनी विचारलं.

"खारट आहे."

"खारटच लागायला हवं आज. मुरल्यावर बरोबर लागण्याइतकं खारट आहे की त्याहून जास्त?"

मला सांगता येईना. त्यांनी पुन्हा ओतलं, मी पुन्हा चाटलं, पुन्हा तेच. शेवटी त्या म्हणाल्या, "तुला जीभ आहे, पण ती फक्त बोलायला." आणि नमुन्याची वाटी माझ्या हातात देऊन आत जाऊन पडल्या. त्या दिवशी मी त्यांना पहिल्यांदा भिंतीकडे तोंड करून झोपलेलं पाहिलं.

गौरी आल्या. डॉक्टरांनी नको म्हटलं होतं, तरी काकूंनी स्वयंपाक स्वतः केला. मी चिरायला, वाटायला बसले होते. अभिजित, त्याची बायको, दोन-चार घरची माणसं जेवायला होती. काकूंनी सगळ्यांसाठी मिठाचा स्वयंपाक केला आणि स्वतःपुरता बिनमिठाचा भात वेगळा काढला. पानं वाढताना मी सवयीने देवीच्या पानात मीठ वाढायला गेले तर त्यांनी माझा हात धरला. "नैवेद्याच्या पानात मीठ वाढत नाहीत, विसरलीस? देवी आणि मी, दोघी एकाच पथ्यावर."

नैवेद्य झाला, माणसं जेवायला बसली. अभिजित आमटीचा भुरका मारून म्हणाला, "आई, परफेक्ट. मीठ अगदी करेक्ट." त्या भुरक्याने मी नेहमीप्रमाणे तोंड वाकडं केलं, आणि मग माझ्या लक्षात आलं. आमटी, अळूची भाजी, खमंग काकडी, कशालाच काकूंनी जीभ लावली नव्हती. नैवेद्याचा स्वयंपाक कोणी चाखत नाही. त्यांनी तो आयुष्यभर न चाखताच केला होता, आणि त्यात कधी मीठ चुकल्याचं मी ऐकलं नव्हतं.

माणसं गेल्यावर मी त्यांना हे म्हटलं. त्या भांडी आवरत होत्या. हातातलं पातेलं त्यांनी खाली ठेवलं आणि बराच वेळ स्वतःच्या उजव्या हाताच्या तळव्याकडे बघत राहिल्या. "ताटलीत मीठ मी हातानेच काढलं होतं," त्या म्हणाल्या. "पुरेपूर काढलं होतं. मग चाखलं, आणि उरवलं." आणि जरा वेळाने, "चाखलं नसतं तर एकही बरणी नासली नसती."

पौषात लिंबं घेतली. लोणचं घालायच्या दिवशी काकू अंघोळ करून, धुतलेलं लुगडं नेसून बसल्या. एरवी त्या गाउनवर लोणचं घालत. झाकणाची ती वाटी त्यांनी मला कपाटात वर ठेवायला सांगितली. लिंबं हातात घेऊन दाबून बघितली, वास घेतला, चिरली. मीठ ताटलीत काढलं, थोडं परत टाकलं, पुन्हा घेतलं, आणि मग ताटली फोडींवर पूर्ण उपडी केली. तळाशी चिकटलेले खडेसुद्धा बोटाने निपटून घातले. मी समोर बसले होते आणि पहिल्यांदाच भिंतीकडे बघावं लागत नव्हतं. "देवाचं समजून केलंय," त्या म्हणाल्या. "आता त्याला आवडलं तर आवडलं." बरण्यांच्या तोंडाला फडक्याचे दादरे बांधले. "होळी झाल्याशिवाय उघडायची नाही. उघडून आत बघायचंही नाही. तू तर नाहीच, तुझा स्वभाव मला माहीत आहे."

त्यांना होळी बघायला मिळाली नाही. माघात, डायलिसिस चालू असताना, हृदयाने दगा दिला. अगदी नेमक्या वजनावर होत्या, सविताने मला मुद्दाम सांगितलं. "एक थेंब पानी जास्त न्हवतं काकूंच्या अंगात," ती म्हणाली आणि वजनकाटा पुसत राहिली, तो स्वच्छ असताना.

तेराव्याला अभिजितने केटरर बोलावला होता. काकूंच्या फोटोसमोर पान मांडलं, आणि त्याच्या बायकोने त्यात वेफर्स, पापड, पाकिटातलं लोणचं आणि मिठाचा मोठा ढीग वाढला. "आता आईंना काही पथ्य नाही," ती डोळे पुसत म्हणाली. शेजारच्या चार बायकांनीही डोळे पुसले. मला शिसारी आली. जिवंतपणी ज्या बाईने एकेक कणावर लक्ष ठेवलं, तिच्या पुढ्यात हा उकिरडा. मी पुढे होऊन वेफर्स उचलले, लोणचं उचललं, आणि मिठाचा ढीग ओल्या फडक्याने पुसून घेतला. "या पानात मीठ वाढत नाहीत," मी म्हटलं. अभिजितने घर आवरायला घेतलं होतं. कपाटापाशी उभा राहून तो म्हणाला, "मावशी, या बरण्या डिस्पोज करू ना? मागच्या वेळचं आठवतंय मला, मी तर उघडणारच नाही." मी त्या सगळ्या माझ्या घरी आणल्या.

होळी झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी पहिला दादरा सोडला. सोडताना नाकाला पदर लावून ठेवला होता, हे खोटं कशाला सांगू. वर काही नव्हतं. फोडी तांबूस, नितळ रसात बुडालेल्या, कडेपर्यंत स्वच्छ. मी चमचा घेतला, मग ठेवून दिला, तळहातावर रस ओतला आणि चाटला. मग माझी एक बरणी उन्हात वाळवून तिच्यात ते लोणचं भरलं आणि सदाशिव पेठेत गोरेबाईंच्या दारात जाऊन उभी राहिले.

त्यांनी मला आत बोलावलं नाही. "लेलेबाईंकडून?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली. त्यांनी दारातच झाकण उघडलं, वास घेतला, बरणी उजेडाकडे धरून फिरवून बघितली. मग दोन बोटं सरळ आत घातली, फोड काढून तोंडात टाकली, मचमच आवाज करत चावली आणि दोन्ही बोटं मुळापर्यंत चाटली. मला किळस आली. तरी मी एकदाही नजर वळवली नाही.

"हं," गोरेबाई म्हणाल्या. "मीठ बरोबर आहे. सांगा त्यांना."

"सांगते," मी म्हटलं, आणि जिना उतरले.